पश्चिमेला तोंड असलेली पतसंस्थेची बिल्डिंग आणि अख्खा काचेचा दर्शनी भाग, नाशिकच्या उन्हात चालेल का?

फाट्यावरचा_सभासद

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेची स्वतःची इमारत बांधायचं अखेर ठरलंय. जागा पाथर्डी फाट्याच्या थोडं पुढे, सहा गुंठे, रस्ता पश्चिमेला. तळमजल्यावर काउंटर, कर्ज विभाग, लॉकर आणि एक एटीएम, पहिल्यावर हेड ऑफिस, दुसरा मजला भाड्याने द्यायचाय (एक कोचिंग क्लासवाले आत्ताच विचारून गेलेत) आणि सगळ्यात वर सभासदांच्या सभेसाठी हॉल. मी इमारत समितीत आहे, इंजिनिअर वगैरे नाही, हिशोबात किरकिर करतो म्हणून घेतलंय बहुतेक.

तर मागच्या मीटिंगला आर्किटेक्टने थ्रीडी दाखवलं. पश्चिमेचा पूर्ण दर्शनी भाग वरपासून खालपर्यंत निळी काच, बाजूला एसीपीच्या (ॲल्युमिनियमच्या पॅनलच्या) पट्ट्या, मध्ये मोठा बोर्ड. सगळे जाम खूश, चेअरमन म्हणाले आता कशी बँक वाटतेय. मी विचारलं की एप्रिलमध्ये दुपारी चारला त्या काचेमागे बसणाऱ्या माणसाचं काय, तर उत्तर आलं एसी आहे ना. आत्ताच्या भाड्याच्या ऑफिसलाही तोंड पश्चिमेलाच आहे, तिथे तीननंतर कॅशियर शटर अर्धं खाली ओढून बसतो, ग्राहकांना वाटतं बंद झालं, म्हणून मला हा प्रश्न पडला, नाहीतर मीही टाळ्याच वाजवल्या असत्या.

दुसरं म्हणजे समितीत सगळ्यांचं एकच, की सोलर लावू म्हणजे झाली आपली ग्रीन बिल्डिंग. एवढ्यावर होतं का खरंच? आणि ते ग्रीन सर्टिफिकेट आपल्यासारख्या छोट्या इमारतीला मिळतं का, परवडतं का? नाशिकमध्ये काम केलेल्या लोकांनी सांगा प्लीज, मुंबई-पुण्याच्या टॉवरची उदाहरणं नकोत, आमचं बजेट सभासदांच्या ठेवींवर उभं आहे.

---

गोदाकाठ

नाशिकला पश्चिमेला काच. भाऊ, तळमजल्यावर पापड वाळवायचा जोडधंदा पण टाका, कर्जवाटपापेक्षा जास्त चालेल.

---

काचेआडचा_कारकून

मुंबई नाक्याकडच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसतो (नाव नाही सांगत, नोकरी आहे). बाहेरून बघणाऱ्याला काय भारी वाटतं! आत काय होतं ते ऐका. दोन वाजले की पश्चिमेच्या लाईनीतले सगळे ब्लाइंड खाली, ब्लाइंड खाली म्हणजे अंधार, म्हणून लाईट चालू, म्हणजे भर दिवसा पंधरा फुटांवर लख्ख ऊन आणि आम्ही ट्यूबखाली. काचेजवळच्या माणसाला एसी अठरावर पाहिजे आणि आतल्या कोपऱ्यातली बाई स्वेटर घालून बसलेली, दोघांची भांडणं रोजची. उघडणारी खिडकी एकही नाही, त्यामुळे लाईट गेली आणि जनरेटर चालू व्हायला वेळ लागला की सगळे जिन्यात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला बाहेर इतकी मस्त हवा असते आणि आम्ही तेव्हाही एसीच लावतो कारण खिडकीच नाही उघडत! ऊन तरी सहन होतं, हे नाही होत.

---

आर्कि_मेघा

दादा, प्रश्न चांगला विचारलात आणि वेळेवर विचारलात, प्लिंथ झाल्यावर लोक येतात तेव्हा फार काही हातात उरत नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी काचेचा हिशोब, कारण समितीला आकडाच पटेल. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मेमध्ये दुपारी चार-पाचच्या सुमारास दर चौरस मीटरला साधारण ६००-७०० वॅट एवढं ऊन पडतं. साधी काच त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे फक्त १०० चौरस फूट साध्या काचेतून पाचेक किलोवॅट उष्णता आत आली, आणि एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे दर शंभर फूट काचेमागे दीड टनाचा एसी, आणि तो माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी नाही, नुसता त्या काचेसाठी. तुमचा दर्शनी भाग किती फूट आहे ते आर्किटेक्टला विचारा आणि चेअरमनसमोर गुणाकार करा.

आता ते म्हणतील की आपण साधी नाही, डबल ग्लास लो-ई (उष्णता अडवणारा थर दिलेली काच) लावू. लावा, फरक पडतोच, त्या काचांचा एसएचजीसी (म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा) ०.२५ ते ०.३० पर्यंत खाली येतो आणि तोच भार अर्ध्या टनाच्या आसपास राहतो. पण नुसतं ‘डबल ग्लास आहे’ म्हणाले तर मान डोलावू नका, साध्या दोन काचांची डबल ग्लासही ऊन बऱ्यापैकी आत सोडते, कोटेशनमध्ये एसएचजीसीचा आकडा लिहून घ्या. आणि इतकी गडद काच घेतली की उजेडही कमी होतो, मग वरच्या कारकून साहेबांसारखं दिवसा लाईट. ऊन काचेवर पोचायच्या आधी बाहेरच अडवलं तर स्वस्तातली काचही चालते, आणि हे सगळ्यात जुनं शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट, नाशिकचं ऊन कुठून येतं. आपण साधारण २० अंश अक्षांशावर. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि परत जुलैच्या शेवटाकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार छताला, त्याखालोखाल पूर्व-पश्चिम भिंतींना. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दीड फुटाचा छज्जा दिला की मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन आत येत नाही आणि थंडीत तिरपं ऊन येतं, ते तर हवंच असतं. इतकं सोपं. पश्चिमेला मात्र तोच छज्जा काही कामाचा नाही कारण ऊन समोरून आडवं येतं, तिथे उभे फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी, झाड किंवा सरळ भिंत पाहिजे.

म्हणून तुमच्या प्लॉटवर मी काय केलं असतं: जिना, लिफ्ट, टॉयलेट, रेकॉर्ड रूम हे सगळं पश्चिमेकडे ओढायचं, जिथे माणूस दिवसभर बसत नाही ती जागा उन्हाला द्यायची. बसायच्या जागा उत्तर आणि दक्षिणेला, खिडक्या त्या बाजूच्या मार्जिनमध्ये (नियमाने सोडलेल्या मोकळ्या जागेत) उघडणाऱ्या. तळमजल्याला रस्त्याकडे आठ फूट खोल पडवी, म्हणजे ग्राहक पावसात पण उभा राहू शकतो, आपल्याकडे पाऊस पण पश्चिमेकडूनच झोडपतो हे विसरू नका. वरच्या मजल्यांना भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे टेराकोटाची किंवा सिमेंटची जाळी, मधे माणूस उतरून साफ करू शकेल एवढी जागा ठेवायचीच. जाळीवर तुमचा बोर्ड मस्त दिसतो, रात्री मागून लाईट दिलात तर काचेपेक्षा उठून दिसेल.

आणि जुन्या नाशिकमधले वाडे बघून या समितीला घेऊन, सरकारवाड्याकडून आत गल्ल्यांमध्ये शिरा. जाड भिंत, रस्त्याकडे उघडी जागा कमी, मध्ये चौक. बांधणाऱ्यांकडे सॉफ्टवेअर नव्हतं पण पश्चिमेचं ऊन होतंच. सहा गुंठ्यात मार्जिन सोडून मोठा चौक नाही बसणार, पण जिन्याला लागून दहा बाय दहाचा एक उघडा शाफ्ट आणि वर जाळीच्या खिडक्या दिल्या तरी गरम हवा वर निघून जाते आणि मधल्या भागात उजेड येतो.

सर्टिफिकेटचं नंतर लिहिते, क्लायंट आलेत.

---

सिन्नरकर_बांधकामवाले

मेघाताईंचं बरोबर आहे, मी फक्त साईटवरच्या गोष्टी सांगतो, कारण ड्रॉइंगमध्ये सगळं थंडगार असतं.

भिंती. आजकाल सगळे एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) घेतात, चांगलाच आहे, वजन विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि उष्णता पण कमी आत येते, पश्चिमेला आठ इंचीच घ्या, चार इंचीवर भागवू नका. पण ब्लॉकचं काम विटेसारखं करायचं नाही. ब्लॉक जोडायचं मॉर्टर वेगळं येतं ते वापरा, कॉलम-बीमला भिंत जिथे भेटते तिथे जाळी मारल्याशिवाय गिलावा करू देऊ नका, आणि प्लंबर-वायरमनला छिन्नी हातोडीने झिऱ्या पाडू देऊ नका, कटर लावायला सांगा. नाहीतर वर्षभरात भिंतीला नकाशा उमटतो आणि मग लोक म्हणतात ब्लॉकच बोगस.

राखेच्या विटा पण आपल्याकडे सहज मिळतात, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र शेजारीच, राखेची कमी नाही. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत राखेचा माल वापरायचा सरकारी नियमही आहे, तसाही आपला अख्खा जिल्हा त्यात बसतो. भट्टीत भाजायला लागत नाहीत, माती लागत नाही, म्हणून पर्यावरणाला बऱ्या, पण जड असतात आणि एएसी एवढी उष्णता अडवत नाहीत. आतल्या भिंतींना वापरा.

केरळात काम केलेले आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या पद्धतीचा रॅट ट्रॅप बाँड कोणीतरी सुचवेलच, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची, पाव विटा वाचतात, पोकळीमुळे भिंत थंड. पद्धत झकास, केरळात कितीतरी इमारती उभ्या आहेत. पण वीट सरळ धारेची लागते आणि गवंडी शिकलेला लागतो, चार मजली फ्रेम स्ट्रक्चरमध्ये आपल्या गवंड्यांकडून करून घेणार असाल तर मी आधीच हात जोडतो.

छताबद्दल ताई थोडक्यात बोलल्या, माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे. वर हॉल, म्हणजे मे महिन्यात वार्षिक सभा घेतलीत तर सभासद ठराव वाचायच्या आधीच मंजूर करतील. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर फोमच्या शीट (एक्सपीएस म्हणतात, ७५ मिमीच्या आसपास जाडी घ्या), त्यावर कोबा ढाळ देऊन आणि सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक. फोम स्लॅबच्या वर टाकायचा, खाली पीओपीच्या आत नाही, म्हणजे स्लॅब तापतच नाही आणि तापून-गार होऊन तडेही कमी जातात. बजेट नसेल तर निदान पांढरी मोझॅक तरी. पांढरा रंग पण चालतो पण आपल्या पावसाळ्यानंतर शेवाळ धरून तो काळपट होतो, दरवर्षी घासून परत मारावा लागतो आणि तो कोणी मारत नाही.

एक दुरुस्ती मात्र करतो, रेकॉर्ड रूम पश्चिमेला न्या पण लॉकरची स्ट्राँगरूम रस्त्याच्या भिंतीला लावू नका हां, उन्हाचं बघता बघता चोराची सोय व्हायची. ती मधल्या बाजूला, चारी बाजूंनी स्वतःचा माणूस फिरेल अशी.

---

लोडवाला

मी इलेक्ट्रिकल कन्सल्टंट, सातपूर-अंबडकडची कामं जास्त. सोलर लावलं की ग्रीन झालं यावर बोलतो कारण रोज हेच ऐकतो.

साधारण हिशोब असा, एक किलोवॅटला शंभर फूट जागा आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट. तुमचं छत तीन हजार फूट धरलं, टाकी, लिफ्टची खोली, चालायची वाट, पॅरापेटची सावली हे सगळं वजा करून २० किलोवॅट बसले तरी खूप, म्हणजे दिवसाला ८० युनिट. आता मेघाताईंचा गुणाकार परत बघा, काचेचाच भार आठ-दहा टन निघाला तर दुपारचं ते सगळं सोलर काच थंड ठेवण्यातच जाईल. आधी खर्च कमी करा मग पॅनल मोजा. आणि घरगुती सबसिडीचं कोणी सांगितलं असेल तर ती पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, पतसंस्थेला नाही. नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणं) मिळतं, मंजूर भाराच्या मर्यादेत. पॅनलखालची सावली छताला मिळते हा फुकटचा फायदा.

एसीवाले येतील आणि शंभर-सव्वाशे फुटाला एक टन या हिशोबाने कोटेशन देतील. त्यांना भिंत कशाची, काच किती, छतावर काय टाकलंय हे कोणी विचारलेलंच नसतं. सावली आणि फोम दोन्ही केलंत तर जवळपास निम्म्या टनात भागू शकतं, त्यासाठी हीट लोडचा खोलीवार हिशोब कागदावर मागा, सगळे देतात, फक्त मागावा लागतो. आणि मग ट्रान्सफॉर्मर, केबल, जनरेटर, मंजूर भार सगळं त्याच हिशोबाने लहान होतं, डिमांड चार्ज (वीजबिलातला भारानुसारचा आकार) दर महिन्याला कमी. ही बचत थ्रीडीत दिसत नाही ना म्हणून कोणी बोलत नाही.

छोट्या छोट्या गोष्टी:
एसी २४ वर आणि सोबत पंखा. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेच्या) मते एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पंखे बीएलडीसी घ्या, जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तिशीत भागवतो. खिडकीजवळच्या लाईटची लाईन वेगळ्या स्विचवर, नाहीतर एक बटण दाबलं की अख्खा हॉल पेटतो. एसीचे आउटडोअर बंद डक्टमध्ये कोंबू नका, दिसायला वाईट दिसतात म्हणून सगळे जाळीमागे लपवतात आणि मग ते स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतात, मेघाताईंच्या जाळीमागे पण नकोत, उत्तरेच्या बाजूला किंवा गच्चीवर मोकळ्या हवेत.

आणि एटीएम! त्याचा एसी चोवीस तास, बाराही महिने चालतो. ती केबिन पश्चिमेला काचेची करून ठेवतात सगळे. पडवीच्या आत, एका बाजूला, तीन भिंती पक्क्या आणि दार तेवढं काचेचं असं करा.

अजून एक, क्लासवाल्यांना मजला देताय म्हणालात. क्लास संध्याकाळी भरतात. तेव्हा सोलर झोपलेलं असतं, आणि वेळेनुसार दर लागू असेल तर संध्याकाळचे युनिट महाग. मीटर त्यांचं वेगळं असेल पण बिल बघून भाडं कमी करा म्हणत तुमच्याकडेच येतील.

---

आर्कि_मेघा

लोडवाला साहेब, क्लासची बरी आठवण केलीत, त्यातच एक खोच आहे. जाड विटेची किंवा दगडाची भिंत दुपारचं ऊन पिते आणि ती उष्णता आत पोचायला सहा-आठ तास लावते. ऑफिस सहाला बंद होतं म्हणून तळमजल्याला आणि पहिल्याला ते चालून जातं, पण दुसऱ्या मजल्यावर सात वाजता पन्नास पोरं बसलेली असतील आणि तेव्हाच भिंत गरमी सोडायला लागेल. त्यामुळे वरच्या मजल्यांना एएसी आणि बाहेर जाळी हेच बरोबर. एकच नियम सगळ्या मजल्यांना लावू नका, कोण किती वाजता बसणार हे आधी लिहून काढा.

नाशिकला एक देणगी आहे ती मुंबईला नाही, रात्री गार होतात. उन्हाळ्यात दिवसा चाळिशीला टेकलं तरी पहाटे विशी-बाविशीपर्यंत येतं. रात्रभर ती हवा इमारतीतून फिरवली तर स्लॅब गार होतो आणि सकाळचे तीन-चार तास एसी लावायची गरज पडत नाही. पतसंस्थेत रात्री खिडक्या उघड्या ठेवायला कोणी देणार नाही, मान्य, म्हणून वर छताजवळ लोखंडी ग्रिल आणि मच्छरजाळीचे व्हेंटिलेटर आणि शाफ्टच्या डोक्यावर टायमरवाला एक्झॉस्ट पंखा. याला खर्च किरकोळ आहे. मार्च ते मे हवा कोरडी असते म्हणून वरच्या हॉलला डक्टवाला कूलर पण छान चालतो, वीज एसीच्या मानाने फारच कमी, फक्त पाणी लागतं आणि जून लागला की बंद, दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो. वर्षातून मोजक्या सभा होणाऱ्या हॉलला एसीच कशाला हवा हा प्रश्न समितीत विचाराच.

सर्टिफिकेट. केंद्राचा ऊर्जा संवर्धन इमारत कोड २००७ ला आला, २०१७ ला सुधारला, २०२४ ला त्यात पाणी-कचरा वगैरे शाश्वततेचे भाग घालून नवीन आवृत्ती आली. तो १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीच्या वरच्या व्यापारी इमारतींसाठी. तुमची बहुतेक त्याखालीच राहील, पण फुकटचं मार्गदर्शन म्हणून वापरा. २०१७ च्या कोडमधलं सोपं गणित असं की खिडक्या-काच मिळून बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांच्या वर नको आणि सपाट छताने निदान ६० टक्के ऊन परत फेकलं पाहिजे. तुमच्या थ्रीडीतली पश्चिम बाजू जवळजवळ शंभर टक्के काच आहे.

रेटिंग हवंच असेल तर गृहा (टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची रेटिंग पद्धत) मध्ये २५०० चौरस मीटरखालच्या इमारतींसाठी ‘स्वगृह’ नावाची वेगळी, सुटसुटीत पद्धत आहे. दुसरं आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) चं. राज्याच्या यूडीसीपीआर (बांधकाम नियमावली) मध्ये ग्रीन रेटिंगनुसार मूळ एफएसआयवर (प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्यावर) ३, ५ किंवा ७ टक्के जास्तीचा एफएसआय मिळायची तरतूद आहे, तुमच्या आर्किटेक्टला विचारा की तुमच्या प्लॉटला त्यातलं काय लागू पडतं. नुसती पाटी लावायला म्हणून करणार असाल तर ते पैसे छताच्या फोमला घाला असं माझं स्पष्ट मत.

---

काचेआडचा_कारकून

पण ताई मोठ्या लोकांनी पण काचेच्या केल्यात ना, त्यांना प्लॅटिनम ग्रीन रेटिंग मिळालंय. मग?

---

आर्कि_मेघा

मिळतं कधी कधी, भारी काच आणि भारी मशीन लावून. पण जी खरोखर चांगली आहेत ती बघा. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन, २०१४ चं, ९३० किलोवॅट सोलर आहे म्हणून सगळे त्याचा फोटो टाकतात, पण त्याचे दोन ब्लॉक उत्तर-दक्षिण तोंड करून मध्ये मोठा चौक ठेवून बांधलेत हे कोणी सांगत नाही. अहमदाबादचं टोरेंट रिसर्च सेंटर नव्वदच्या दशकातलं, वरच्या मनोऱ्यातून कोरडी हवा पाण्याच्या तुषारातून खाली सोडून प्रयोगशाळा गार ठेवतात, तिथलं ऊन नाशिकपेक्षा कडक. हैदराबादला इन्फोसिसने एकाच इमारतीचे दोन भाग केले, एकात नेहमीचा एसी आणि दुसऱ्यात स्लॅबमध्ये गार पाण्याचे पाईप, पाईपवाल्या भागाला वीज साधारण एक तृतीयांश कमी लागली. हे तुम्ही पतसंस्थेत करा म्हणत नाहीये, पण त्यांनी पण आधी भिंत, खिडकी, सावली नीट केली आणि मग पाईप टाकले.

---

गोदाकाठ

आणि वास्तुवाला? तो येणारच मीटिंगला. तो म्हणेल ईशान्य मोकळी, नैऋत्य जड. म्हणू द्या की! जिना, टाकी, जाड भिंत नैऋत्येला टाका, त्याचंही समाधान, उन्हाचाही बंदोबस्त, चेअरमन एका फटक्यात सही करतील.

---

सिन्नरकर_बांधकामवाले

😄 गोदाकाठ पहिल्यांदा कामाचं बोलले.

झाडांचं राहिलं. पुढच्या मार्जिनमध्ये कडुनिंब किंवा करंज लावा. बहावा लावू नका म्हणत नाही, दिसतो सुंदर, पण ऐन एप्रिल-मेमध्ये तो पानं गाळून फुलतो, म्हणजे सावली पाहिजे तेव्हाच नाही. आणि झाड मोठं झाल्यावर बोर्ड झाकतो म्हणून फांद्या तोडणारा महाभाग प्रत्येक समितीत एक असतो, त्यापेक्षा बोर्डच आधी खाली घ्या.

पाऊसपाणी: तुमचा प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आहे म्हणजे रेन वॉटर हार्वेस्टिंग करावंच लागेल. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरला तर तीन हजार फूट छतावरून दीड लाख लिटर पाणी निघतं. आपल्याकडे खाली काळा दगड, नुसता खड्डा खणून विटांचे तुकडे भरले तर पाणी जिरत नाही, तुंबून पार्किंगमध्ये येतं. बोअर असेल तर फिल्टर लावून त्यात सोडा.

---

फाट्यावरचा_सभासद

मंडळी काय बोलू, एवढं कोणी फी घेऊन पण सांगत नाही. मेघाताई, सिन्नरकर काका, लोडवाला साहेब, सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून हिशोब केला, आमचा दर्शनी भाग ४० फूट रुंद आणि काच जवळपास ४५ फूट उंच म्हणजे १८०० चौरस फूट. दीडने गुणलं तर २७ टन येतात. मला वाटलं मीच शून्य जास्त घेतलं. चेअरमनना फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले बरं मग कमी करू, पण दर्शनी भागाला थोडी तरी काच पाहिजे, नाहीतर लोकांना गोडाऊन वाटेल. आता त्यांचंही चुकीचं नाही, समोरच्या रस्त्याला दोन मोठ्या बँका आहेत, दोघींना काच आहे, ठेवीदार तुलना करतोच. तर काच ठेवायची असेल तर कुठे आणि किती ठेवू? आणि जाळीत कबुतरं बसतील त्याचं काय, आमच्या भागात फार झालीत.

---

आर्कि_मेघा

२७ टन हा काच साधी असेल तर, लो-ईमध्ये त्याचे नऊ-दहा होतील, दोन्ही आकडे मांडा म्हणजे कोणी तुम्हाला खोडणार नाही.

काच तळमजल्यावर ठेवा, पडवीच्या आत. पडवी आठ फूट खोल आणि तिची पुढची कड जमिनीपासून आठ फुटांवर आणा (दहावर ठेवलीत तर ऊन आत घुसतं), मग एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारला काचेच्या फक्त खालच्या तीन फुटांवर ऊन पडतं, पाचला चारेक फुटांवर. म्हणून खालचे तीन फूट काळ्या दगडाची भिंत, वर लख्ख साधी काच. रस्त्यावरून काउंटर, माणसं, दिवे सगळं दिसेल, आणि निळी काच लावली असती तर दिवसा बाहेरून आतलं काहीच दिसलं नसतं, समोरच्या पानटपरीचं प्रतिबिंब दिसलं असतं. पडवी पी-लाईनमध्ये (एफएसआयसाठी मोजल्या जाणाऱ्या क्षेत्रात) धरली जाईल का आणि पुढच्या मार्जिनमध्ये किती येऊ देतील ते आत्ताच तपासायला सांगा. आणि तुमच्या आर्किटेक्टकडे ते थ्रीडी मॉडेल आहेच, त्यात जागा नाशिक आणि तारीख १५ एप्रिल, वेळ साडेचार टाकून तेच चित्र परत काढून द्यायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. सकाळी अकराच्या उन्हात काढलेली चित्रं सगळ्यांचीच सुंदर असतात.

---

सिन्नरकर_बांधकामवाले

कबुतरांना: जाळीची भोकं दोन इंचांपेक्षा मोठी नको, किंवा मोठी हवी असतील तर आतून नायलॉनची नेट. आडवी सपाट कड कुठेही ठेवू नका, सगळ्या कडांना उतार द्या. आणि जाळी आणि भिंतीच्या मधल्या जागेत जायला प्रत्येक मजल्यावर छोटं दार, कुलूप लावून. ते नसलं की पाच वर्षांनी आत काय साचलंय ते कोणालाच बघवत नाही.

---

फाट्यावरचा_सभासद

साडेचारचं चित्र मागवलंय. आर्किटेक्ट म्हणाले आजपर्यंत कोणी मागितलं नव्हतं. मंगळवारी समिती आहे, वास्तुवाल्यांना पण बोलावलंय.